नामदार नाना शंकरशेट आणि केमवरून जाणारी आगगाडी

सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यात केम नावाचे एक गाव आहे. श्रीउत्तरेश्वराचे देवालय आणि कुंकवाचा धंदा या दोन गोष्टींमुळे ते महाराष्ट्रास परिचित आहे. हळदीवर क्षार आणि लिंबाचा रस यांची क्रिया होऊन तिला तांबडा रंग चढावा, आणि त्या रंगास कोट्यवधी सुवासिनींच्या कपाळी स्थान मिळावे, ही किमया या गावाने पिढ्यान्पिढ्या केली. आमच्या ज्ञातीचा पिढीजात व्यवसाय मंगळसूत्र घडविण्याचा. तेव्हा केमकरांचे व आमचे नाते एकाच मंगलकार्यातील दोन मानकऱ्यांचे आहे असे म्हटल्यास ते कोणास खटकू नये. परंतु आजच्या लेखाचा विषय कुंकू नव्हे. केमला तिसरी एक गोष्ट आहे, ती गावाच्या अंगावरून जाणारा मुंबई–मद्रास लोहमार्ग होय. आणि त्या लोहमार्गाच्या मुळाशी ज्या थोड्या एतद्देशीय पुरुषांचे कर्तृत्व आहे, त्यांत आमच्या दैवज्ञ ज्ञातीत जन्मलेले नामदार जगन्नाथ शंकरशेट ऊर्फ नाना यांचे नाव अग्रभागी येते. स्मरणिकेच्या पानांत त्यांचे चरित्र पूर्वी येऊन गेले असेल, पुढेही येईल. ते येथे लोहमार्गाच्या अंगाने सांगावे एवढाच हेतू आहे.

नाना केमला कधी आले होते असा दावा येथे करावयाचा नाही. थोर पुरुषांचे पाय आपल्या गावाला लागल्याच्या कथा गावोगाव रचल्या जातात. त्यांत आणखी एकीची भर घालण्याचे प्रयोजन नाही. नाना मुंबईचे, आणि त्यांची बहुतेक हयात मुंबईतच गेली. मुंबईत बसून त्यांनी जे आरंभिले ते त्यांच्या डोळ्यांदेखत केमच्या शिवारापर्यंत येऊन पोहोचले, ही गोष्ट कोणत्याही दंतकथेपेक्षा मोठी आहे.

नानांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी ठाणे जिल्ह्यातील मुरबाड येथे झाला. घराण्याचे मूळ आडनाव मुरकुटे. पूर्वजांनी मुंबईत येऊन जवाहिराचा व सराफीचा व्यापार केला आणि इंग्रजी अमलाच्या उदयकाळात त्या शहराबरोबर हे घराणेही वाढले. वडील शंकरशेट यांची पेढी मोठी, पत मोठी. मातोश्री भवानीबाई नानांच्या लहानपणीच निवर्तल्या. मुंबईत आज नाना चौक म्हणून जो भाग ओळखला जातो तेथील श्रीभवानीशंकराचे देवालय या घराण्याच्या धर्मनिष्ठेची साक्ष देत उभे आहे. घरीच शिक्षक ठेवून नानांना इंग्रजी शिकविण्यात आले. त्या काळी ही गोष्ट फार विरळा होती. १८२२ साली वडील वारले आणि विशीच्या आत-बाहेर असलेल्या या तरुणाच्या अंगावर पेढीचा, वाड्याचा आणि समाजातील पुढारीपणाचा भार एकदमच येऊन पडला.

धनिकांच्या तरुण पुत्रांचे पुढे काय होते हे आपण सर्व जाणतो. नानांच्या बाबतीत तसे झाले नाही. गव्हर्नर माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या वेळी देशी लोकांच्या शिक्षणासाठी जी मंडळी स्थापन झाली, तिच्या कार्यात ते प्रथमपासून होते. १८२७ साली एल्फिन्स्टनसाहेब स्वदेशी परत निघाले तेव्हा त्यांच्या नावे फंड जमविण्यात नानांचा हात होता, आणि त्या फंडातूनच पुढे एल्फिन्स्टन विद्यालयाचा उगम झाला. १८४० साली शिक्षण मंडळ निर्माण झाल्यावर नाना त्याचे सभासद झाले. त्या मंडळात सर अर्स्किन पेरी यांच्याशी त्यांचा जो वाद झाला, तो आपण विसरता कामा नये. पेरीसाहेबांचा भर इंग्रजी भाषेवर आणि वरच्या वर्गातील थोड्या लोकांच्या शिक्षणावर होता. नानांनी आग्रहाने असे मांडले की ज्ञान बहुजनांपर्यंत जावयाचे असेल तर ते त्यांच्या स्वतःच्या भाषेतूनच गेले पाहिजे. स्वतः उत्तम इंग्रजी जाणणाऱ्या गृहस्थाने ही बाजू घ्यावी, यात त्यांच्या स्वभावाची किल्ली आहे. जी सोय आपणांस घरबसल्या लाभली ती ज्यांना लाभलेली नाही त्यांच्या दाराशी ती कशी जाईल, हा प्रश्न ते विचारीत असत.

मुलींच्या शाळेचेही तेच. स्टूडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीच्या तरुणांनी १८४९ च्या सुमारास कन्याशाळा काढण्याचे मनावर घेतले, तेव्हा जागा देण्यास लोक कचरत होते. नानांनी आपल्या वाड्याच्या आवारात जागा दिली. सनातन वळणाचा, देवपूजेत तास घालविणारा हा शेटजी मुलींच्या शिक्षणाचा पाठीराखा झाला, सतीबंदीच्या कायद्याच्या बाजूने उभा राहिला, आणि तरीही सोनापूरची स्मशानभूमी शहराबाहेर शिवडीस हलविण्याचा सरकारी बेत पुढे आला तेव्हा त्याला सर्व शक्तीनिशी आडवा गेला. या शेवटच्या प्रकरणाला काहींनी जुनाटपणा म्हटले. परंतु शवाला खांदा देऊन कोसचे कोस चालावे लागणे म्हणजे काय, हे गाडीघोडे बाळगणाऱ्यांस कळत नाही. ते नानांस कळले होते, यातच सर्व आले. सोनापूर होते तेथेच राहिले.

आता लोहमार्गाकडे वळू.

इंग्लंडात स्टॉक्टन–डार्लिंग्टनची गाडी १८२५ साली व लिव्हरपूल–मँचेस्टरची १८३० साली धावू लागली. मुंबईत मात्र त्या काळी मालाची ने-आण बैलाच्या पाठीवरून व बैलगाडीतून होत असे. वऱ्हाड-खानदेशचा, बार्शी-सोलापूरकडचा कापूस घाट उतरून बंदरावर यावयाचा म्हणजे आठवड्यांचे काम. वाटेत धूळ, पाऊस आणि चोर यांचा वाटा निराळाच. पावसाळ्यात तर व्यवहार जवळजवळ बंदच. १८४३-४४ च्या सुमारास मुंबई सरकारचे इंजिनियर जॉर्ज क्लार्क यांनी मुंबईहून ठाणे, कल्याण आणि पुढे थळ व भोर घाटांच्या पायथ्यापर्यंत लोहमार्ग नेण्याची कल्पना मांडली. कल्पना पुष्कळांना सुचतात. तिच्यासाठी पदरचा पैसा, वेळ आणि अब्रू पणास लावणारे थोडे. नाना आणि सर जमशेटजी जिजीभाई हे दोघे तशा थोड्यांपैकी होते. १८४५ साली मुंबईत या कामासाठी मंडळी उभी राहिली, तिच्यात दोघेही प्रमुख होते. त्याच वर्षी लंडनमध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीचा उपक्रम झाला आणि मुंबईची खटपट तिच्याशी जोडली गेली. कंपनीच्या मुंबईतील संचालकांत हिंदी गृहस्थ दोनच होते, एक पारशी आणि एक मराठी. कंपनीची कचेरी थाटण्यासाठी नानांनी आपल्या वाड्यात जागा दिली. ज्या वाड्यात मुलींनी पाटीवर अक्षरे गिरविली, त्याच वाड्यात हिंदुस्थानच्या पहिल्या प्रवासी लोहमार्गाचे नकाशे उलगडले गेले!

तरीही एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. आपल्या ज्ञातीच्या सभांतून नानांस भारतीय रेल्वेचे जनक म्हणण्याचा परिपाठ आहे. अभिमानाच्या भरात हे बोलणे क्षम्य असले, तरी एवढे मोठे काम एका माणसाचे कधीच नसते. आराखडे इंग्रज इंजिनियरांचे होते, भांडवल मुख्यतः इंग्लंडातील होते, आणि अंगमेहनत ज्यांची नावे कोणत्याही दगडावर कोरलेली नाहीत अशा आपल्याच गोरगरिबांची होती. शिवाय इंग्रजांना हा मार्ग हवा होता तो आपल्या सोयीसाठी. लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस पाहिजे होता, सरकारला लष्कर हलविण्याचे साधन पाहिजे होते. १७ ऑगस्ट १८४९ रोजी ईस्ट इंडिया कंपनीशी जो करार झाला त्यात भागधारकांना शेकडा ५ टक्के व्याजाची हमी देण्यात आली. तूट आली तर ती हिंदुस्थानच्या तिजोरीतून भरून निघणार होती. या हमीपायी देशाला पुढे बराच भुर्दंड बसला, हे दादाभाई नौरोजींसारख्यांनी दाखवून दिलेले आहे. नानांना याची कल्पना नव्हती असे मानणे म्हणजे एका मुरब्बी सराफाच्या हिशेबीपणाविषयी शंका घेणे होय. माझे मत असे की, परक्याच्या स्वार्थातून का होईना, पण जे साधन या भूमीत एकदा रुजले ते आपल्या लोकांच्या उपयोगी पडल्यावाचून राहणार नाही, एवढा विश्वास त्यांना होता. आणि तो अनुभवाने खरा ठरविला.

कारण त्या काळी जाणत्या म्हणविणाऱ्यांची समजूत अगदी निराळी होती. हिंदुस्थानातील लोक दरिद्री, त्यात जातिभेदाने विभागलेले. ते भाडे देणार नाहीत, आणि दिले तरी एका डब्यात शेजारी शेजारी बसणार नाहीत. तेव्हा गाडी चालावयाची ती मालावर, माणसांवर नव्हे, असे तिकडच्या पुष्कळ शहाण्यांना वाटत असे. प्रत्यक्षात काय झाले? तिसऱ्या वर्गाच्या डब्यांत माणसे मावेनाशी झाली. सोवळे-ओवळे घरी ठेवून ब्राह्मण, वाणी, कुणबी, सोनार, मुसलमान, सारे एका बाकावर आले. ज्यांना शिवून घेण्यास धर्म आड येत होता त्यांना तिकीट आड आले नाही. आगगाडीने जातिभेद मोडला असे मी म्हणत नाही. स्थानकांवर हिंदू पाणी व मुसलमान पाणी असे वेगवेगळे रांजण पुढे कित्येक वर्षे होते, आणि अस्पृश्य गणल्या गेलेल्या बांधवांना तर कोणत्याच रांजणाला हात लावण्याची मुभा नव्हती. तरी डब्यातल्या त्या दाटीने जे केले ते पुष्कळ प्रवचनांनी झाले नव्हते. ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत ही गोष्ट लिहिताना लेखणी थोडी अडखळते, पण लिहिली पाहिजे.

३१ ऑक्टोबर १८५० रोजी शीव येथे कामाची पहिली कुदळ पडली. मुख्य इंजिनियर जेम्स जॉन बर्कले हे होते. खाड्या, दलदल आणि खडक यांतून मार्ग काढीत अडीच वर्षांत ठाण्यापर्यंत रूळ गेले. १६ एप्रिल १८५३ हा दिवस मुंबईकरांनी सणासारखा साजरा केला. दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी, २१ तोफांच्या सलामीत, १४ डब्यांची गाडी सुमारे ४०० निमंत्रितांना घेऊन बोरीबंदरहून निघाली. साहिब, सिंध आणि सुलतान अशी नावे असलेली तीन इंजिने तिला ओढीत होती. अंतर अवघे २१ मैल. दुतर्फा माणसांची रीघ लागली होती. कोणी हात जोडले, कोणी नारळ फोडले, कोणी विस्तवाचा राक्षस म्हणून तोंड फिरविले. निमंत्रितांत नाना होते. कंपनीने त्यांच्या सेवेचा गौरव म्हणून पहिल्या वर्गाच्या प्रवासाचा सोन्याचा पास त्यांना दिला, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. सोनाराच्या कुळातील पुरुषास सोन्याचा पास, हा योगही मोठा मौजेचा.

पुढे मार्ग वाढत गेला. १ मे १८५४ रोजी गाडी कल्याणला पोहोचली. १८५६ साली बोरघाटाच्या पायथ्याशी पळसदरीपर्यंत गेली. तेथे सह्याद्री आडवा होता. १८५६ च्या आरंभीच घाटाचे काम हाती घेण्यात आले आणि पुरी सात वर्षे चालले. २५ बोगदे, अनेक दगडी पूल, ३७ फुटांस एक फूट असा चढ. एके ठिकाणी तर वळण घेण्यास जागाच नसल्यामुळे गाडी थांबवून इंजिन दुसऱ्या टोकाला जोडावे आणि उलट दिशेने चढावे, अशी योजना करावी लागली. एका वेळी ४० हजारांहून अधिक मजूर तेथे राबत होते, आणि पटकी, हिवताप व सुरुंग यांनी त्यांतील हजारो माणसे नेली. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हे १८५९ साली घाटात आल्यावर थोड्याच दिवसांत आजाराने दगावले. त्यांच्या विधवा पत्नी ॲलिस यांनी कंत्राट मागे न घेता ते पुरे करविले. त्या बाईंचे नाव आपल्याकडे फारसे कोणी घेत नाही, म्हणून येथे मुद्दाम घेतले.

घाट पुरा होण्याची वाट न पाहता वरच्या बाजूचे काम स्वतंत्रपणे सुरू झाले, ही गोष्ट केमच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. १४ जून १८५८ रोजी खंडाळा–पुणे मार्ग खुला झाला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात गाडी पुण्याहून भीमाकाठच्या डिकसळपर्यंत आली. आणि २३ ऑक्टोबर १८५९ रोजी डिकसळपासून बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, येथपर्यंतचा भाग सुरू झाला. याच भागात जेऊर, भाळवणी, केम यांचे शिवार येते. जानेवारी १८६० मध्ये मोहोळ, ६ जून १८६० रोजी सोलापूर. मात्र १८६३ पर्यंत खंडाळ्याला उतरून पालखी, तट्टू किंवा बैलगाडी यांनी घाट उतरावा आणि पळसदरीला पुन्हा गाडीत बसावे, असा प्रकार होता. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते घाटमार्ग खुला झाला, तेव्हा सोलापूर आणि मुंबई एका अखंड रुळाने जोडली गेली. नाना त्या वेळी साठ वर्षांचे होते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव आकाशाला भिडले होते, आणि बार्शी-सोलापूरचा कापूस याच मार्गाने बंदराकडे धावत होता.

लोहमार्गाखेरीज नानांची इतर कार्ये येथे थोडक्यातच सांगतो. १८५२ साली बाँबे असोसिएशन ही मुंबई इलाख्यातील पहिली राजकीय संस्था निघाली, तिच्या संस्थापकांत ते होते. हिंदी लोकांची गाऱ्हाणी पार्लमेंटपुढे मांडण्याचा पायंडा तिने पाडला. ग्रँट वैद्यकीय विद्यालय, मुंबई विद्यापीठ, भायखळ्याची राणीची बाग व तेथील वस्तुसंग्रहालय या सर्वांच्या उभारणीत त्यांचा हात आहे. १८५७ च्या उठावात बंडवाल्यांशी संधान बांधल्याचा संशय त्यांच्यावर घेण्यात आला; चौकशीअंती तो निराधार ठरला. ज्यांनी सरकारबरोबर काम केले त्यांच्यावर सरकारनेच संशय घ्यावा, हा अनुभव त्यांना उतारवयात आला, आणि तरीही त्यांनी सार्वजनिक कामातून अंग काढून घेतले नाही. १८६१ च्या कायद्यान्वये कायदेमंडळ बनल्यावर त्यावर नेमणूक झालेल्या पहिल्या हिंदी सभासदांत ते होते. त्यांच्या नावामागील नामदार ही पदवी तेथून आली.

३१ जुलै १८६५ रोजी मुंबई येथे नाना निवर्तले. तो महिना मुंबईच्या इतिहासात मोठा काळा गेला. युद्ध संपून कापसाचे भाव कोसळले होते आणि पेढ्यांमागून पेढ्या बुडत होत्या. पुढच्याच वर्षी चिरंजीव विनायकराव यांनी दिलेल्या देणगीतून मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतात प्रथम येणाऱ्या विद्यार्थ्यासाठी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती सुरू झाली. ती मिळविणे हा पुढे कित्येक पिढ्या महाराष्ट्रातील घराघरांत कौतुकाचा विषय होता. चिंतामणराव देशमुखांनी १९१२ साली ती पटकावली.

नानांच्या पश्चात मार्ग सोलापूरच्या पुढे गेला, आणि १८७१ साली रायचूर येथे मद्रासकडून आलेल्या रुळांना मिळाला. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळात सोलापूर जिल्हा होरपळला, तेव्हा बाहेरचे धान्य याच रुळांवरून आले. धान्य आले, पण ते विकत घेण्यास पैसा नव्हता म्हणून माणसे मेली, हेही तितकेच खरे. १८९७ साली बार्शी रोडहून बार्शीला अरुंद रुळांची बार्शी लाइट रेल्वे निघाली. १९०६ साली ती पंढरपूरला पोहोचली, आणि आषाढी-कार्तिकीच्या वारकऱ्यांची दाटी कुर्डुवाडीच्या फलाटावर होऊ लागली. केमचे कुंकू पंढरीच्या बाजारात जाण्यास याहून सोयीची वाट कोणती असणार? १९२५ साली जी. आय. पी. सरकारच्या ताब्यात गेली, १९५१ साली मध्य रेल्वे झाली. केम आज तिच्या सोलापूर विभागात आहे. उजनीचे धरण झाल्यावर डिकसळजवळचा मूळ मार्ग पाण्याच्या फुगवट्यामुळे बदलावा लागला, आणि भीमेवरचा जुना दगडी पूल पुढे रस्त्याच्या रहदारीस उपयोगी पडला.

या सर्व काळात केमच्या उतारूचे एक दुखणे कायम होते. दौंड ते सोलापूर या टापूत बऱ्याच ठिकाणी रूळ एकेरीच होता. समोरून गाडी यावयाची असली की अलीकडच्या स्थानकावर दुसरीने थांबून राहावयाचे, आणि थांबावयाची ती बहुधा लहान माणसांची पॅसेंजर. मेल पुढे काढली जाई. एका गाडीला उशीर झाला की तो समोरच्या गाडीला लागे, आणि तिचा तिसरीला. मद्रास व हैदराबादकडे जाणारा एवढा मोठा राजमार्ग आणि त्याच्या मध्यभागी एकाच गाडीपुरती वाट, असा हा प्रकार दीड शतकाहून अधिक काळ चालला. दौंड–गुलबर्गा दुपदरीकरण व विद्युतीकरण हाती घेण्यात आले आणि त्यातील भिगवण–वाशिंबे हा अवघड टप्पा २०२२ साली पुरा झाल्यावर ही अडचण दूर झाली.

परंतु एक अडचण दूर झाली की दुसरी उभी राहते. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे देशभरातील प्रवासी गाड्या बंद झाल्या. पुढे त्या टप्प्याटप्प्याने सुरू झाल्या तेव्हा ठिकठिकाणी लहान स्थानकांवरील पुष्कळ थांबे नव्या वेळापत्रकात राहिले नाहीत. कोठे पॅसेंजरचे एक्स्प्रेस असे नामांतर झाले आणि भाडे वाढले. गाडीचा वेग वाढवावयाचा तर थांबे कमी केले पाहिजेत, हे कारण खोटे नाही. एका थांब्यास गाडी मंद होणे, उभी राहणे व पुन्हा वेग घेणे यांत कित्येक मिनिटे जातात, आणि हजार उतारूंच्या त्या मिनिटांचा हिशेब दहा उतारूंच्या सोयीशी घातला की लहान गाव नेहमीच हरते. पण त्या दहांमध्ये कोण असते, हे हिशेबात धरले जात नाही. पुण्याच्या रुग्णालयात तपासणीस निघालेली म्हातारी असते, सोलापूरच्या महाविद्यालयात रोज जाणारी मुलगी असते, कुंकवाच्या पिशव्या घेऊन बाजार गाठणारा कारागीर असतो. थांबा गेला म्हणजे त्यांनी जेऊर किंवा कुर्डुवाडी गाठावी. तेथवर जाण्यास एस. टी. वेळेवर मिळेलच असे नाही, आणि खाजगी वाहनाचे भाडे कधी कधी रेल्वेच्या तिकिटाहून अधिक पडते. शिवाय गाडी थांबली तरी प्रश्न संपत नाही. फलाट डब्याच्या पायरीहून खाली असला, तर गुडघे धरलेल्या माणसाला चढण्यास दुसऱ्याचा हात लागतो; पलीकडच्या फलाटावर जाण्यास केवळ जिना असला, तर अपंगास ती गाडी नसल्यासारखीच. वेळापत्रक मोबाइलवर आले ही सोय खरी, पण तो ज्याला वाचता येत नाही त्याला फलाटावरच्या मराठी घोषणेचाच आधार असतो.

दुपदरी मार्गामुळे गाड्यांसाठी आता अधिक जागा झाली आहे. तेव्हा सकाळी कामाच्या वेळेला पुण्याकडे व सोलापूरकडे जाणारी आणि संध्याकाळी परतणारी अशी एकेक गाडी लहान स्थानकांवर भरवशाने थांबावी, ही मागणी अवास्तव नाही. ती मागताना गावाने संख्येचा पुरावा द्यावा. किती विद्यार्थी, किती रुग्ण, किती कारागीर रोज प्रवास करतात याची नोंद ठेवून अर्ज करावा. बाँबे असोसिएशनने आपली गाऱ्हाणी आकडे व दाखले देऊन मांडली होती, आणि ती पद्धत घालून देणाऱ्यांत नाना होते. आमच्या ज्ञातीतील जी सुशिक्षित मंडळी पुण्या-मुंबईत मोठ्या हुद्द्यांवर आहेत, त्यांनी असे अर्ज लिहिण्यास गावकऱ्यांना साहाय्य केले, तर नानांच्या जयंतीला हार घालण्याइतकेच ते सार्थकी लागेल. मुंबई सेंट्रल स्थानकास नानांचे नाव द्यावे म्हणून ज्ञातिबांधव व इतर नागरिक पुष्कळ वर्षे झटत आहेत, आणि राज्याने तसा प्रस्ताव केंद्राकडे पाठविलेला आहे. ते नाव लागेल तेव्हा आनंदच होईल.

पण त्यांची एक खूण आधीपासूनच आहे. बोरीबंदरच्या जागी १८८७-८८ साली जी भव्य इमारत उभी राहिली, आणि जी आज छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस म्हणून ओळखली जाते, तिच्या दर्शनी भिंतीवर कंपनीच्या संचालकांचे मुखवटे दगडात कोरलेले आहेत. त्यांत पगडी घातलेला एक चेहरा नानांचा आहे. खालून रोज लाखो माणसे जातात. मान वर करून पाहण्यास कोणाला सवड नसते. सोलापूरकडून आलेल्या गाडीतून उतरून एखादा केमकर कुंकवाची पिशवी खांद्यावर टाकून त्या भिंतीखालून बाहेर पडतो आणि मशीद बंदराच्या बाजाराची वाट धरतो.